टॉपिंग आणि स्क्रीड: प्रीकास्ट मजल्यावरचे दोन थर

प्रीकास्ट मजल्यावर, म्हणजे कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या फळ्या (प्लँक) मांडून केलेल्या मजल्यावर, बहुतेक वेळा दोनदा माल ओतला जातो. प्लँक क्रेनने बसवून झाले की त्यांवर जाळी अंथरून काँक्रीट टाकतात, ते टॉपिंग. पुढे काही महिन्यांनी फरशीवाले येतात आणि लेव्हल काढून सिमेंट-वाळूचा थर पसरतात, तो स्क्रीड. दोन्ही पाच-सहा सेंटीमीटरचे, दोन्ही राखाडी. साइटवर दोघांनाही सर्रास 'वरचा कोट' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टॉपिंग हा सांगाड्याचा भाग आहे. स्क्रीड हे त्या सांगाड्यावरचं ओझं आहे.

आधी टॉपिंग. २०० मिलिमीटर जाडीच्या पोकळ प्लँकवर ५० मिलिमीटरचं टॉपिंग घट्ट चिकटलं, तर जाडी पाव पटीनेच वाढते, पण मजल्याचा ताठपणा दुपटीच्या जवळ जातो. मजला वाकताना वरच्या बाजूला दाब येतो. तो दाब झेलायला नवं काँक्रीट अगदी हव्या त्या जागी, सगळ्यात वर मिळतं, त्याचा हा फायदा. मात्र 'घट्ट चिकटलं तर' ही अट सोडून चालत नाही. प्लँकची वरची बाजू कारखान्यातच खरबरीत ठेवलेली असावी लागते. त्यावरची धूळ, तेल, सिमेंटची साय निघालेली हवी. पृष्ठभाग आधी भिजवलेला हवा, पण ओतताना त्यावर पाणी साचलेलं नको. नाहीतर दोन थर एकमेकांवर सरकतात आणि डिझायनरने धरलेली ताकद कागदावरच राहते.

टॉपिंगचं दुसरं काम मला पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. पोकळ प्लँक साधारण १.२ मीटर रुंद असतात आणि शेजारी शेजारी मांडलेले असतात. भूकंपात मजल्याने एका अखंड पत्र्यासारखं वागून आडवा जोर भिंती-खांबांपर्यंत पोचवायचा असतो. सुटे प्लँक ते करू शकत नाहीत. १९८८ मध्ये आर्मेनियात नऊ मजली प्रीकास्ट इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. त्यांच्या मजल्यांवर टॉपिंग नव्हतं आणि प्लँक एकमेकांना नीट बांधलेले नव्हते.

टॉपिंग असलं म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कॅलिफोर्नियातल्या काही प्रीकास्ट पार्किंग इमारती पडल्या. त्यांच्या मजल्यांच्या प्रीकास्ट तुळयांवर टॉपिंग होतं, पण ते नेमकं त्या तुळयांमधल्या जोडांवरच चिरलं आणि त्यातली वेल्डेड जाळी तुटली. जोड उघडतो तेव्हा सगळा ताण तारेच्या तेवढ्याशा लांबीत एकवटतो. घट्ट विणीच्या जाळीत तारेला ताणायला जागाच उरत नाही. म्हणून अमेरिकी बांधकाम संहितेत पुढे नियम आला की जोडाला समांतर जाणाऱ्या तारांमध्ये निदान २५० मिलिमीटर अंतर हवं. जाळी जितकी दाट तितकी मजबूत, हा आपला समज इथे उलटा पडतो. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ सोसलेल्या महाराष्ट्रात, जिथे आता मोठ्या गृहयोजनांतही प्रीकास्ट वापरलं जातंय, हा तपशील प्रत्येक साइट इंजिनिअरला माहीत असायला हवा.

स्क्रीडचं काम साधं आणि प्रामाणिक आहे. फरशीला समतल बैठक देणं, मोरी-बाथरूमला ढाळ देणं, पाइप झाकणं. खालच्या थराशी ते चिकटलंच पाहिजे असं नाही. आवाज अडवणाऱ्या मऊ थरावर ते सुटंही बसू शकतं. खराब झालं तर फोडून नवं करता येतं, इमारतीच्या ताकदीला त्याने काही होत नाही.

दोघांची गल्लत सगळ्यात महाग पडते ती प्लँकच्या उंचवट्यापाशी. प्रीस्ट्रेस केलेला, म्हणजे आतल्या पोलादी तारा आधीच ताणून ठेवलेला, प्लँक मधोमध थोडा वर उचललेला असतो. समजा, आठ मीटरच्या प्लँकला मध्ये २० मिलिमीटर उंचवटा आहे आणि कडेला ६० मिलिमीटर टॉपिंग टाकून वरची पातळी सपाट केली. मध्ये उरलं ४०. म्हणजे जिथे जाडी सर्वांत जास्त हवी तिथेच ती सर्वांत कमी. नकाशावर लिहिलेली किमान जाडी मधोमध मोजायची असते. साइटवर मात्र ती कडेला मोजली जाते, कारण पातळीची दोरी तिथे बांधलेली असते. यावर उपाय दोनच: टॉपिंग उंचवट्याच्या वळणानेच एकसारख्या जाडीचं घालून सपाटी स्क्रीडवर सोडायची, किंवा सगळीकडे टॉपिंग वाढवायचं आणि ते वजन हिशोबात धरायचं. ५० मिलिमीटर काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १२५ किलो. राहत्या खोलीसाठी आपल्या आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकात तेवढ्याच जागेला माणसं आणि सामान मिळून जेमतेम २०० किलो धरतात. 'लेव्हल मिळेना, अजून एक इंच भरा' असं म्हणताना हा आकडा डोळ्यांसमोर हवा.

सगळीकडे टॉपिंग लागतंच असं नाही. युरोपात कमी भूकंपाच्या भागात प्लँकमधले जोड ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मालाने) भरून, कडेने आणि जोडांत सळया टाकून मजला टॉपिंगविना पूर्ण करतात आणि थेट स्क्रीड घालतात. ते फोटो पाहून 'स्क्रीड म्हणजेच टॉपिंग' असं समजू नये. तिथे बांधून ठेवण्याचं काम त्या सळया करत असतात.

विजेच्या नळ्यांचंही तसंच. ५० मिलिमीटरच्या टॉपिंगमध्ये २५ मिलिमीटरची नळी टाकली की त्या रेषेत काँक्रीट निम्मंच उरतं. नळ्या स्क्रीडमध्ये टाका. आणि जुन्या प्रीकास्ट इमारतीत फरशी बदलताना ब्रेकर चालवायचा असेल, तर आधी एका कोपऱ्यात हाताने फोडून पाहा. खाली सळई किंवा जाळी लागली की तिथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.