उंबरठा-आकडा (पत्त्यांचे खेळ)

पत्त्यांच्या खेळात जो आकडा गाठला की हक्क, दंड किंवा निकाल लागू होतो, तो उंबरठा-आकडा. नवा खेळ रचताना हा आकडा सगळ्या नियमांत आणि सगळ्या पानांवर शक्यतो एकच ठेवतात. विदर्भातल्या खेड्यांत पावसाची झड लागून शेतीची कामे अडली की देवळाच्या ओट्यावर जे डाव रंगतात, त्यांत ही शिस्त मुरलेली आहे.

मेंढीकोटात मेंढी म्हणजे दश्शी. चारपैकी तीन मेंढ्या ज्या जोडीकडे, डाव तिचा. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे आणि १३ पैकी ७ ज्यांचे ते जिंकले. १३ ही विषम संख्या असल्याने इथे बरोबरी होऊच शकत नाही. बदाम सातमध्ये सत्तीपासून सुरुवात होते, कारण तिच्या खाली सहा पाने आणि वरही सहाच.

सर्वांत शिकण्यासारखा खेळ पाच-तीन-दोन. तिघे खेळतात, ३० पाने लागतात : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ आणि दोन सत्त्या. प्रत्येकाला १० पाने, म्हणजे एकूण १० हात, आणि तिघांनी करायच्या ५, ३, २ हातांची बेरीजही १०. त्यामुळे एकाचे जितके हात वाढतात तितकेच इतरांचे घटतात, आणि पुढच्या डावात जास्त हात करणारा कमी पडलेल्याकडून तितकीच पाने ओढतो. हेच आकडे ५-३-३ ठेवले तर बेरीज ११ होईल, दर डावात कोणीतरी बुडेलच आणि ओढण्याचा हिशेब कधीच जुळणार नाही. दोघांच्या सात-आठमध्ये तीच ३० पाने, प्रत्येकी १५, आणि दोघांनी करायचे हात ७ अधिक ८ म्हणजे १५. उंबरठा गड्डीच्या गणितातून निघाला पाहिजे; मनाला येईल तो आकडा धरला की खेळ लंगडतो.

छापील पानांच्या आधुनिक खेळांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे प्रत्येक पानावर वेगळा नियम असतो. १९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’मध्ये एका कल्पनेला एकच आकडा बांधलेला दिसतो. २००१ च्या संचातला ‘थ्रेशोल्ड’ हा गुण टाकलेल्या पानांच्या ढिगात ७ पाने झाली की लागू होतो. २०१० च्या ‘मेटलक्राफ्ट’ला ३ यंत्रवस्तू लागतात. त्या गुणाच्या कोणत्याही पानावर हा आकडा बदलत नाही, म्हणून खेळणाऱ्याला पान हातात घेऊन वाचत बसावे लागत नाही.

समजा, शेतीवर खेळ रचायचा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी करू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पावसाचे एक पान २५ मिलिमीटरचे धरले तर तीन पानांवर पेरणी होते. आता कपाशीला ३ पाने, सोयाबीनला ४ आणि तुरीला ५ असे केले, तर खेळणारे दर खेपेला नियमांचा कागद चाळत बसतील. त्याऐवजी तिन्ही पिकांना ३ च ठेवावे आणि फरक उत्पन्नाच्या गुणांत दाखवावा. हा फरक बियाण्याच्या खर्चातही दाखवता येतो. एका नियमात ‘३ किंवा जास्त’ आणि दुसऱ्यात ‘३ पेक्षा जास्त’ असेही चालत नाही. नेमक्या तिसऱ्या पानावर भांडण होते, आणि ज्याचे पीक बुडते तो ते सहजासहजी सोडत नाही.

आकडा बदलणे भागच पडले तर त्याच्याशी जोडलेले आकडेही सोबत बदलतात. १०१ च्या रमीत, म्हणजे दंडाचे १०१ गुण झाले की खेळाडू बाद होतो त्या प्रकारात, पहिल्याच खेपेला पत्ते टाकून देणाऱ्याला २० गुणांचा दंड आणि मध्येच टाकणाऱ्याला ४० चा. २०१ च्या रमीत हेच आकडे २५ आणि ५० होतात. दोन्ही प्रकारांत मध्येच टाकण्याचा दंड पहिल्या खेपेच्या दुप्पटच राहतो.