तर्षण

तर्षण (परासरण) : अर्धपार्य पटलातून (द्रावक जाऊ देणाऱ्या पण विरघळलेले द्राव्य अडवणाऱ्या पातळ पडद्यातून) द्रावकाचे (विरघळवणाऱ्या द्रवाचे), बहुधा पाण्याचे, विरल (पातळ) द्रावणाकडून संहत (दाट) द्रावणाकडे होणारे वहन. पटलाच्या एका बाजूस शुद्ध द्रावक असताना हे वहन थोपवण्यास द्रावणावर जो जादा दाब द्यावा लागतो, तो त्या द्रावणाचा तर्षण दाब होय. मनुका पाण्यात फुगण्याचा शालेय प्रयोग सर्वपरिचित असल्याने येथे दिलेला नाही.

शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ झां-आंत्वान नॉले यांना देतात. त्यांनी १७४८ मध्ये मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवले, तेव्हा पटल बाहेर फुगून आले. नॉले यांनी घटना नोंदवली. तिचा पद्धतशीर अभ्यास १८२६ च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ आंरी द्यूट्रोशे यांनी आरंभला. तर्षणविज्ञानाचा प्रारंभ त्यांच्यापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते, जरी कारण म्हणून त्यांनी आधी विजेकडे बोट दाखवले होते.

प्राणिज पटलांतून द्राव्यही झिरपत असल्याने मापने विश्वसनीय नव्हती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मोरिट्स ट्राउबे यांनी १८६७ मध्ये कृत्रिम अवक्षेप-पटले (दोन द्रावणे भेटतात तेथे साका धरून बनणारी पटले) तयार केली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म फेफर यांनी असेच पटल सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत बसवले : एका बाजूने मोरचुदाचे व दुसऱ्या बाजूने पोटॅशियम फेरोसायनाइडाचे द्रावण मुरवले की दोन्ही जेथे भेटतात तेथे कॉपर फेरोसायनाइडाचा तांबूस तपकिरी थर धरतो. भिंतीच्या आधारामुळे तो दाबाने फाटत नाही. फेफर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत १ टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब सुमारे ०.७ वातावरण (१ वातावरण म्हणजे हवेचा सामान्य दाब) भरला. याच आकड्यांवरून डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी विरल द्रावणांसाठी तर्षण दाब = संहती × वायुस्थिरांक × निरपेक्ष तापमान हे सूत्र मांडले (१८८६-८७). आयनीभवन होणाऱ्या (विद्युत्‌भारित कणांत विभागणाऱ्या) द्राव्यांच्या बाबतीत कणांची एकूण संख्या धरावी लागते.

यंत्रणेविषयी मात्र दीर्घकाळ मतभेद होते. ट्राउबे पटलाला चाळणी मानत. अन्य काहींच्या मते पाणी पटलात विरघळून पलीकडे जाते. सूत्र वायूच्या नियमासारखे दिसल्याने द्राव्याचे कण पटलावर आदळून दाब निर्माण करतात, असेही सुचवले गेले. आज सामान्यतः द्राव्यामुळे पाण्याचे रासायनिक वर्चस् (एका जागेकडून दुसरीकडे जाण्याची प्रवृत्ती) घटते, ही ऊष्मागतिकीय (ऊर्जेच्या हिशेबावर आधारलेली) मांडणी स्वीकारतात. ती कोणत्याही यंत्रणेवर अवलंबून नाही, हाच तिचा गुण व हीच तिची मर्यादा. पेशीपटलापुरता प्रश्न बराच सुटला आहे : अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींतील एका प्रथिनाचे जलमार्ग म्हणून कार्य दाखवून दिले व त्यासाठी २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबड्या पेशी सु. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात आकार टिकवतात, शुद्ध पाण्यात फुटतात. वनस्पतिपेशी भित्तिकेमुळे फुटत नाही. ती ताठ होते. पर्णरंध्रांची उघडझाप याच ताठरतेवर चालते. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सु. २७ वातावरण असल्याने त्यातून गोडे पाणी मिळवताना (प्रतितर्षण) त्याहून अधिक दाब द्यावा लागतो.