बाटली परत जायची, पिशवी घरात राहते

आरेच्या सरकारी दूधकेंद्रावर एकेकाळी पहाटे रांग लावलेली माणसं मुंबईत अजून आहेत. रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. जाड काच, तोंडाला चंदेरी पातळ झाकण. बाटली डेअरीत जाऊन धुतली जायची आणि पुन्हा भरून यायची. घरात प्लास्टिक कसं साठत गेलं हे पाहायचं तर मी या बाटलीपासून सुरुवात करीन, कारण ती परत घेणं हे दूध विकणाऱ्याचं काम होतं. तिच्या जागी पिशवी आली आणि ते काम कुणाचंच उरलं नाही.

वाण्याकडेही तेच होतं. डाळ-साखर कागदाच्या पुडीत, वर दोऱ्याचे वेढे. तेलाला घरची बरणी, भाजीला कापडी पिशवी, पंगतीला पत्रावळी आणि द्रोण. त्या काळातले लोक आपल्यापेक्षा शहाणे होते असं मी म्हणणार नाही. वस्तू महाग होत्या, म्हणून दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जायचा.

या पिशव्यांचं प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन. त्याचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच लागला. आज हातात येते त्या घाटाच्या, धरायला दोन बंद असलेल्या पिशवीचं पेटंट स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याच्या रचनेला १९६५ मध्ये मिळालं. आपल्याकडे साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा ‘नोसिल’ कंपनीचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. १९९० च्या सुमारास रायगड जिल्ह्यात नागोठण्याचा तसाच प्रकल्प सुरू झाला. कच्चा माल दाराशी आला आणि पिशवी इतकी स्वस्त झाली की दुकानदार तिचे पैसे मागेनासा झाला. फुकट मिळालेली वस्तू कोण जपणार? त्याच काळात शाम्पू, गुटखा, वेफर्स लहान लहान पुड्यांत आले.

सरकारला जाग आली ती तुंबलेल्या गटारांमुळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई बुडण्यामागे कारणं अनेक होती. मिठी नदीचं पात्र आक्रसलेलं होतं, पर्जन्यवाहिन्या ब्रिटिशकालीन होत्या. पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्या त्या नाल्यांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या. राज्याने आधी सरसकट बंदीची भाषा केली. २००६ च्या नियमांत मात्र ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला मनाई, एवढंच उरलं. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) केंद्राची मर्यादा तेव्हा २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि २०२२ च्या शेवटी १२० मायक्रॉनवर गेली.

हे मायक्रॉनचं गणित कशासाठी, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. त्याचं उत्तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात आहे. भंगार किलोवर विकलं जातं. पातळ, खरकटी पिशवी कितीही गोळा केली तरी वजन भरत नाही, म्हणून ती कचऱ्यातच पडून राहते. जाड पिशवीचे पैसे येतात, म्हणून ती उचलली जाते. शिवाय जाड पिशवी महाग पडते, तेव्हा दुकानदार ती फुकट वाटायला कचरतो. म्हणजे कायद्याची सगळी भिस्त या बायांच्या श्रमावर होती, आणि त्यांचं नाव मात्र त्यात फार उशिरा आलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. ओला-सुका वेगळा द्या, हे पुण्यातल्या कित्येक घरांना आधी या बायांनी दारात उभं राहून शिकवलं. माझ्या मते राज्यातली प्लास्टिकविषयीची खरी जागृती ही आहे.

२३ मार्च २०१८ ची राज्याची अधिसूचना त्यामानाने मोठी उडी होती. पिशव्या, थर्माकोल, एकदा वापरून फेकायची ताटं-चमचे बंद. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. २३ जूनला कारवाई सुरू झाली आणि आठवडाभरातच किराणा दुकानदारांना माल बांधून देण्यासाठी ५० मायक्रॉनवरच्या वेष्टनाची सवलत मिळाली. दुधाच्या पिशवीला बंदीतून वगळलं, पण ती परत घेऊन ग्राहकाला ५० पैसे देण्याची अट घातली होती. मला ही अट फार मोलाची वाटली होती, कारण आरेच्या बाटलीचा हिशेब त्यातून परत येत होता. पण आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याने एकही पिशवी परत घेतलेली मी पाहिली नाही.

केंद्रातही असंच घडलं. पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय, म्हणजे वेफर्सच्या पाकिटासारखी अनेक थरांची वेष्टनं दोन वर्षांत हद्दपार करायचं २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं. मार्च २०१८ च्या दुरुस्तीत ज्या वेष्टनातून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, ते या कलमातून सुटलं. जाळता येईल असं जवळजवळ सगळंच त्यात बसतं. १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, कानकाड्या, प्लास्टिकचे कप-ताटं बंद झाली. बिस्किटांचं आणि वेफर्सचं वेष्टन त्या यादीत नव्हतं.

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देणारी घरं आजही आहेत. एकाच जातीचं प्लास्टिक असल्याने तो त्या आनंदाने घेतो. वेफर्सचं पाकीट प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांचं असतं. हे थर सुटे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून रद्दीवाला ते बाजूला काढून परत आपल्याच हातात ठेवतो.