सुजेची ओपीडी कुठली?

नागपुरात ज्याचा पाय कायमचा सुजलेला आहे, त्याची फाइल सहसा जाड असते. मेडिकल या सरकारी रुग्णालयात एकदा सर्जरीची ओपीडी, एकदा त्वचारोगाची, मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात मेडिसिन, मध्येच धंतोलीतला एखादा शिरांचा डॉक्टर आणि त्याने लिहून दिलेला डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी तपासणी. शिरेत गुठळी नाही, हृदय ठीक, किडनी ठीक, म्हणून लघवीची गोळी आणि ‘पाय उंचावर ठेवत जा’ हा सल्ला. लिम्फेडेमा, म्हणजे लसिकावाहिन्या बिघडल्याने येणारी सूज, हे नाव फाइलवर यायला कधी कधी वर्षे जातात. डॉक्टर बेफिकीर असतात म्हणून असे होते, हे मला पटत नाही. या आजाराचा इतिहासच असा घडत गेला की डासाला, जंतूला आणि कर्करोगाच्या गाठीला आपापला विभाग मिळाला. सुजेच्या वाट्याला कुणी आले नाही.

रक्तवाहिन्यांमधून पेशींभोवती झिरपलेले पाणी आणि प्रथिने परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे म्हणजे लसिकासंस्था. काखेत, जांघेत, मानेत तिच्या गाठी असतात. आपण ‘अवधाण आले’ म्हणतो ते त्यांच्याबद्दलच. हे जाळे निकामी झाले की प्रथिनांनी भरलेला द्रव हातापायात साचतो, कातडी जाड होते, पुढे आत चरबी आणि तंतू वाढतात. लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी कमी होते, प्रथिने तिथेच राहतात. म्हणून ती गोळी इथे फारशी कामाची नाही, हे पुस्तकांत छापून कितीतरी वर्षे झाली तरी ती लिहिली जातेच.

आपल्याकडे या सुजेची जुनी ओळख हत्तीपाय हीच. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचे, म्हणजे हत्तीपायाचेच, वर्णन आहे, आणि जिथे जुने पाणी साचून राहते, जे प्रदेश बारा महिने थंड असतात, तिथे तो विशेष होतो असेही म्हटले आहे. साचलेल्या पाण्याशी असलेले हे नाते उलगडायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1872 मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म कृमी दिसले. 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी आपल्या बाधित माळ्याचे रक्त डासांना पिऊ दिले आणि डासांच्या पोटात ते कृमी वाढताना पाहिले. हे कृमी रक्तात रात्रीच वर येतात, हेही त्यांनीच दाखवले. त्यासाठी एक मदतनीस दिवसा आणि दुसरा रात्री रक्ताचे नमुने तपासत असे. मॅन्सन यांना मात्र वाटत होते की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो. संसर्ग डासाच्या सोंडेतून होतो हे 1900 मध्ये जॉर्ज लो यांनी सिद्ध केले.

आजही हत्तीरोगाचे पथक रात्री दार वाजवते, बोटाला सुई टोचते आणि काचपट्टीवर रक्त घेते, ते या अमॉयच्या निरीक्षणामुळेच. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या नकाशावर कायम राहिला. इथला कृमी वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, आणि त्याला वाहून नेणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात अंडी घालणारा: उघडी गटारे, सेप्टिक टँक, तुंबलेले नाले. नाग नदीची आजची अवस्था पाहिली तर या डासाला नागपुरात जागेची ददात नाही, एवढेच म्हणतो.

औषध आले 1947 च्या सुमारास. डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या ज्या संशोधन विभागात ते सापडले, त्याचे प्रमुख आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. भारतात 2004 पासून ते वर्षातून एकदा सगळ्यांना द्यायची मोहीम सुरू झाली, 2007 पासून सोबत अल्बेंडाझोल आले. जानेवारी 2019 मध्ये आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची पद्धत देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम राबवली गेली, त्यांत नागपूर होते. आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवरून ठरतो, म्हणून गोळ्या वाटणाऱ्या ताई उंची मोजायची पट्टी घेऊन फिरल्या. ‘मला काही झाले नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न त्यांनी दारोदार ऐकला. उत्तर सोपे आहे: रक्तात कृमी असलेला माणूस बहुतेकदा ठणठणीत दिसतो, आणि डास त्याच्याकडूनच कृमी उचलतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने या रोगाच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षे काम केले, याची आठवण विदर्भातही फार थोड्यांना असते.

पण या सगळ्यात पाय कुठे आहे? मोहिमेचे यश मोजले जाते रक्तातल्या कृमींवरून. गोळीने कृमी मरतात. वाहिन्या एकदा बिघडल्या की त्या गोळीने दुरुस्त होत नाहीत. शिवाय ज्याचा पाय जुना सुजलेला आहे त्याच्या रक्तात तोवर कृमी उरलेलेच नसतात, असे पुष्कळदा होते. तपासणी निगेटिव्ह येते, ‘तुम्हाला हत्तीरोग नाही’ असे सांगितले जाते, आणि माणूस पाय घेऊन पुन्हा पहिल्या ओपीडीत.

दुसरा धागा हाताचा आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन दिले, की काही जणींचा हात महिन्यांनी किंवा वर्षांनी सुजतो. अमेरिकेतले शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी 1921 मध्ये या सुजेवर लेख लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग म्हटले. 1990 च्या दशकात पहिलीच एखाद-दुसरी गाठ तपासून बाकीच्या वाचवायची पद्धत आली तेव्हा हे प्रमाण घटले. तुकडोजी चौकातले कर्करोग रुग्णालय असो की जामठ्याचे, बाहेरच्या जिल्ह्यांतून, छत्तीसगड-मध्य प्रदेशातून बायका येतात, उपचार संपले की गावी जातात. हात सुजतो तो गावी गेल्यावर. ‘त्या हाताने काही उचलू नका’ हे वाक्य मात्र त्यांच्या पक्के लक्षात राहिलेले असते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. हे वाक्य अजून गावापर्यंत पोचायचे आहे.

कृमी नाही, कर्करोगही नाही, जन्मापासून वाहिन्याच अपुऱ्या, असेही रुग्ण असतात. त्यांना तर कुठलीच मोहीम लागू पडत नाही.

गंमत अशी की पाय असो वा हात, उपचार जवळजवळ एकच आहे आणि तोही जुना. ऑस्ट्रियन शल्यविशारद विनिवार्टर यांनी 1892 मध्येच दाब, मालिश आणि व्यायाम सांगितला होता. डेन्मार्कच्या एमिल वोडर यांनी 1936 मध्ये पॅरिसमध्ये अगदी हलक्या हाताने लसिका वळवण्याची मालिश मांडली. पुढे जर्मनीत फोल्डी यांनी मालिश, थरांची पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा असा चौपदरी उपचार बांधला. निदानालाही मोठे यंत्र लागत नाही. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहायची. चिमूट उचलली गेली नाही तर लिम्फेडेमाचा दाट संशय घ्यायचा. 1976 ची ही स्टेमर यांची खूण ओपीडीत दहा सेकंदांत होते.

आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे काम ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात झाले. थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो, माणूस आठवडाभर आडवा. या झटक्याचे खापर पूर्वी कृमीवर फोडत. जेरुसा ड्रायर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवले की बहुतेक झटके साध्या जिवाणूंचे असतात, आणि ते शिरतात बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढूनच राहते. म्हणून रोज साबणाने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिखली झाली तर मलम, झटका आला तर त्याच दिवशी प्रतिजैविक. आरोग्य विभाग हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम देतो, त्यामागे हे संशोधन आहे. केरळात कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीने याच निगेला आयुर्वेद आणि योगाची जोड दिली.

अडते ते दाबापाशी. घट्ट मोजे मापाचे हवेत, साधारण सहा महिन्यांत ते सैल पडतात, आणि मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर गेले की जाड मोजा घालून कुणाला काम करायला सांगायचे? उन्हात सूज वाढते तेव्हाच मोजा उतरतो. पावसाळ्यात भाताच्या रोवणीच्या चिखलात पट्टी बांधून उभे राहणे शक्य नसते. हे वेळापत्रक युरोपातल्या पुस्तकात सापडत नाही. पट्टी बांधायला शिकवतो फिजिओथेरपिस्ट, आणि चिठ्ठी त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते. माझ्या मते ती पहिल्या भेटीतच मागून घ्यावी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार नोंदले आहेत. लिम्फेडेमा त्यांत स्वतंत्रपणे नाही. केंद्र सरकारने हत्तीरोग निर्मूलनासाठी 2027 हे वर्ष ठरवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा शिक्का हवा असेल तर कृमी संपल्याच्या पुराव्याबरोबरच सुजलेले पाय आणि अंडवृद्धीचे रुग्ण किती, त्यांना उपचार कुठे मिळतात, हेही कागदावर दाखवावे लागते. त्यामुळे पायांची यादी तरी होते आहे. कर्करोगानंतर सुजलेल्या हातांना त्या यादीत रकाना नाही.