मधातला आवळा का फसफसतो?

कॉटन मार्केटला आवळा आला की आमच्या मधाच्या दुकानात आवळा घातलेल्या मधाच्या बरण्या परत येऊ लागतात. झाकण फिरवताच फस्स होतं, वर फेस, वास आंबूस. "मधात साखर मिसळलीय" ही तक्रार ठरलेली. खरं म्हणजे त्या बरणीत मीड, म्हणजे मधाची दारू, तयार होऊ लागलेली असते.

हे पेय माणसाला फार आधी गवसलं. चीनच्या हनान प्रांतात जियाहू इथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवलेल्या पेयाचे अंश सापडले. इथियोपियात गेशो नावाच्या झुडपाची पानं घालून मधाचं 'तेज' आजही करतात. आपला 'मधु', इंग्रजीतला 'मीड' आणि पोलिश 'म्यूत' हे एकाच मुळाचे शब्द. आपल्या मोहाला संस्कृतात 'मधूक' म्हणतात, तेही त्याच घरातलं. आयुर्वेदातली आसवंही अशीच मुरतात. त्यांत धायटीची फुलं घालतात.

या सगळ्या पेयांना आंबायला पाणी लागतं. आमच्या मधात ओलावा १८ टक्के असतो. इतक्या कोरड्या मधात यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, वाढत नाही. आता हिशेब बघा. एक किलो मधात पाणी १८० ग्रॅम. त्यात अर्धा किलो ताज्या आवळ्याच्या फोडी टाकल्या, की त्यांचं जवळपास ४०० ग्रॅम पाणी हळूहळू मधात उतरतं. एकूण ओलावा ३९ टक्के! पोलंडमध्ये एक माप मधाला अर्धं माप पाणी घालून 'पुव्तोराक' नावाची मीड करतात, तिची सुरुवातही साधारण एवढ्याच पाण्यावर होते. यीस्ट आवळ्याच्या सालीवर आणि मधातही असतंच.

म्हणून आवळा आधी वाळवा. आठ मिनिटं वाफवून बिया काढा, फोडी पंख्याखाली किंवा उन्हात सुकवा. कूलरसमोर नको, तिथली हवा दमट असते. अर्धा किलो फोडी दीडशे ग्रॅमवर आल्या, चामट लागल्या, की मगच मधात घाला. मग ओलावा २० टक्क्यांच्या आसपास राहतो. बरणी पाव भाग रिकामी ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा वापरा. फ्रिजमध्ये मध रवाळ होईल, त्यात काही बिघडत नाही. फसफसलेल्या बरणीचं झाकण मात्र घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने काच फुटते.

आग्या मोहोळाचा मध मुळात पातळ असतो. आम्ही तो मंद आचेवर, कमी दाबाखाली आटवतो आणि प्रत्येक डबा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ओलावा मोजायच्या यंत्रावर, तपासूनच भरतो; भावातला फरक त्याचाच आहे. सीलबंद बाटली फसफसली तर बदलून देतो. फळ घातलेली बरणी परत घेता येत नाही. वाळवायला वेळ नसेल तर तयार सुक्या फोडी थंडीभर दुकानात मिळतात, पाव किलोपासून.

मीड आम्ही विकत नाही. तिला दारूचा परवाना लागतो, आणि घरी विनापरवाना करणंही गुन्हा आहे. आणखी एक, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कुणाचाही.