जुन्या लॅपटॉपला हलकं लिनक्स

दहा-बारा वर्षं जुन्या, चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेणाऱ्या लॅपटॉपवरचं विंडोज काढायचं आणि त्या जागी कमी रॅम खाणारी ऑपरेटिंग सिस्टम, बहुतेक वेळा लिनक्स, मारून मशीन परत कामाला लावायचं असा हा प्रकार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप अन् इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं २०१७ च्या आधीचे जवळजवळ सगळे आय-थ्री आय-फाइव्ह कागदावर बाद झाले. कोल्हापुरात इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या पोरांनी वापरून कपाटात टाकलेले असे लॅपटॉप घरोघरी सापडतील, आणि त्यातले कितीतरी अजून धडधाकट आहेत.

मशीन स्लो होण्याचं खरं कारण बऱ्याचदा प्रोसेसर नसतोच, ते असतं फिरणारी हार्डडिस्क. ५४०० आरपीएमची डिस्क इकडंतिकडं पसरलेल्या फायली सेकंदाला शंभरेक वेळाच काय ते उचलू शकते, आणि त्याच वेळी अपडेट, अँटिव्हायरस सगळे तिच्यावरच तुटून पडलेले असतात. म्हणून राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत रिपेरिंगवाल्याकडं गेलात तर आधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या आणि रॅम ४ जीबी, जमलं तर ८ करा. रॅम घेताना मात्र बघून घ्यायचं, इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, जुनी १.५ व्होल्टची पट्टी लावली तर बहुतेक वेळा डिस्प्लेच येत नाही आणि माणूस उगाच मदरबोर्ड गेला म्हणून घाबरतो.

४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी, विंडोजवरून येणाऱ्याला तीच सगळ्यात ओळखीची वाटते. लुबंटू, एमएक्स हे लिनक्सचे दुसरे प्रकार पण चांगलेच. २ जीबीच्या मशीनला अँटिएक्स, आणि ३२ बिटचा जुना अ‍ॅटमवाला नेटबुक असेल तर आता पर्याय थोडेच राहिलेत, कारण बऱ्याच लिनक्सचा पाया असलेल्या डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद झालाय. नुसतं ब्राउझिंगच करायचं असेल तर गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स आहे, पण त्यात अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत.

टाकायची रीत सोपी आहे. आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडं कॉपी करायची, मग दुसऱ्या मशीनवर आयएसओ, म्हणजे सिस्टमची इन्स्टॉल करायची फाइल, उतरवून रुफस किंवा व्हेंटॉय या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवायचा आणि लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की दाबायची, डेल-लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. पण लगेच इन्स्टॉल करू नका, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, टचपॅड सगळं लागतंय का बघा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड हमखास अडतं, तेव्हा मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं, सुरू करायचं, नेट येतं आणि मग ड्रायव्हर टाकता येतो.

मराठीचं काहीही अडत नाही, लोहित, नोटो असे फॉन्ट मिळतात आणि आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लागतो. पण श्रीलिपी, पेजमेकर, कोरलवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी कामाच्या मशीनवर हे करू नये, त्यांची सगळी कामं विंडोजवरच बसलेली असतात. टॅलीचं तसंच, आणि डिजिटल सहीचं डीएससी टोकन, आधारचं अंगठ्याचं मशीन वापरणाऱ्यांनीही आधी चौकशी करावी. बाकी सातबारा बघणं, परीक्षेचे फॉर्म, लिब्रेऑफिसमध्ये बायोडाटा, पायथन-सी शिकणं हे सगळं आरामात चालतंय.

एक गोष्ट मात्र लोकांना कुणी सांगत नाही. सिस्टम कितीही हलकी घ्या, ब्राउझर तेवढाच जड राहतो. अँटिएक्स स्वतः तीनेकशे एमबीत भागवतं पण क्रोममध्ये सात-आठ टॅब उघडले की २ जीबी कुठं गेले कळत नाही, आणि मग लोक लिनक्सला नावं ठेवतात. म्हणून झेडरॅम चालू करायचं, म्हणजे रॅममधलाच डेटा दाबून बसवला जातो, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकायचं आणि टॅब कमी ठेवायचे. यूट्यूब अडकत असेल तर व्हिडिओ एच२६४ या जुन्या फॉरमॅटमध्येच मागवणारं एक्स्टेंशन मिळतं, कारण जुन्या ग्राफिक्सला नवे फॉरमॅट झेपत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओची क्वालिटी ७२० वर ठेवली तर बघण्यासारखं चालतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात गेलेल्या मशीनचा विषय वेगळा. तिथं गंज मदरबोर्डात शिरलेला असतो, ऑपरेटिंग सिस्टम बदलून काही होत नाही. पुराचं पाणी शिरलेली हार्डडिस्क घरी चालू करून बघू नका, आत घरच्यांचे फोटो असतील तर ती तशीच डेटा काढून देणाऱ्याकडं न्या.