'-एक्स' की '-वाय': एका अक्षराची पार्श्वभूमी

एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करू देणारा प्रोग्राम, वापरून तिथली खिडकी आपल्या पडद्यावर हवी असेल तर आज्ञेत '-एक्स' किंवा '-वाय' लिहितात. त्यातलं कोणतं लिहावं, हा प्रश्न जुना आहे. युनिक्स-लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ ची, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. प्रोग्राम चालणार एका मशीनवर आणि खिडकी उघडणार दुसऱ्याच मशीनच्या पडद्यावर, ही सोय तिच्यात पहिल्यापासून होती. वाहतूक मात्र सगळी उघड्यावर. ६००० क्रमांकाचं पोर्ट (मशीनचं नेटवर्ककडचं दार) खुलं ठेवायचं, आणि कुकीची (पडद्यावर यायला लागणाऱ्या गुप्त परवान्याची) कटकट नको असेल तर 'एक्सहोस्ट +' ही सगळ्यांना मुभा देणारी आज्ञा मारून मोकळं व्हायचं. मग नेटवर्कवरच्या कुणालाही तुमचा पडदा दिसे, दाबलेली कळ न् कळ टिपता येई.

१९९५ मध्ये पासवर्डचोरीला वैतागून फिनलंडमधल्या एका विद्यापीठात एसएसएच लिहिलं गेलं आणि एक्सच्या वाहतुकीलाही कूटबद्ध बोगदा मिळाला. लांबच्या मशीनवर 'डिस्प्ले'मध्ये (खिडकी कुठे उघडायची ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) 'लोकलहोस्ट:१०.०' दिसलं की समजावं, एसएसएचने तिथे ६०१० पोर्टवर तोतया डिस्प्ले मांडलाय. कुकीही तोतयाच, खरी आपल्या मशीनबाहेर पडत नाही.

पण बोगदा राखतो तो रस्ता. पलीकडच्या मशीनवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असलेला माणूसच बदमाश निघाला, तर तो त्याच बोगद्यातून तुमच्या पडद्यापर्यंत येतो. म्हणून २००४ मध्ये ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित रूपाच्या ३.८ आवृत्तीने '-एक्स'चा अर्थच बदलला: लांबचे प्रोग्राम यापुढे 'अनट्रस्टेड', त्यांना इतर खिडक्यांत डोकावायला बंदी. जुनी मोकळीक हवी त्याने '-वाय' लिहावं, म्हणजे 'ट्रस्टेड'. निर्णय तत्त्वतः बरोबरच होता. व्यवहारात कॉपी-पेस्ट अडू लागलं, काही प्रोग्राम कोसळू लागले, आणि ठरावीक वेळेनंतर (मुळात वीस मिनिटं) नवी खिडकी उघडेना. लोकांनी मुकाट्याने '-वाय' उचललं. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने तर मूळ सेटिंगच असं ठेवलं की '-एक्स' आणि '-वाय' एकच.

खरा घोळ शब्दाने केला. 'ट्रस्टेड' वाचून नवख्याला वाटतं, हाच सुरक्षित पर्याय. प्रत्यक्षात तो शब्द विश्वास टाकल्याचं सांगतो, समोरचा त्या लायकीचा असल्याचं नाही. शेजाऱ्याला घराची किल्ली दिली म्हणून कुलूप मजबूत होत नाही. 'निर्बंधमुक्त' असं सरळ नाव दिलं असतं तर निम्म्या लोकांचा हात अडखळला असता.

दरम्यान लांबचा पडदा दाखवणारे व्हीएनसी, एनएक्स वगैरे पर्यायही आले होते. मंद लाइनवर ते एक्सपेक्षा खूपच सुसह्य. एक्सची जागा घेण्यासाठी २००८ पासून घडत आलेल्या वेलँडने नेटवर्कची सोय गाभ्यातून काढली, एका खिडकीला दुसरीच्या कळा ऐकू येणं बंद केलं. दूरच्या खिडकीसाठी आता वेपाइप आहे, तेही एसएसएचवरूनच चालतं. जुने एक्स प्रोग्राम मात्र एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स चालवणाऱ्या जोडातून) अजून येतात आणि एकमेकांच्या कळा ऐकू शकतात, त्यामुळे तिथे '-वाय' टाइप करणाऱ्याला तो जुना प्रश्न उरतोच.